कॅमेऱ्याच्या शेजारी

प्रिय पोरी,

ऊसतोडीच्या फडावरचे तुझे फोटो पाहिले. चेहरे चांगले मिळालेत, पण सगळे तुझ्याकडे नाही, तुझ्या लेन्सकडे बघतायत. आणि वर विचारतेस, "सर, आता लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मचा कॅमेरा, घेऊ का?" पैसे खर्च करायच्या आधी माझ्याकडे ये आणि फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं 'इन द अमेरिकन वेस्ट' बघ. पुस्तक पाठवत नाही, ते धूड कुरिअरने पाठवायच्या लायकीचं नाही.

अ‍ॅव्हेडन न्यूयॉर्कचा, जन्म १९२३ चा. लोकांना तो माहीत आहे 'हार्पर्स बझार' आणि 'व्होग' मासिकांतल्या फॅशनच्या फोटोंमुळे, मॅरिलिन मन्रोच्या फोटोमुळे. पण युद्धकाळात हा पोरगा अमेरिकेच्या मर्चंट मरीनमध्ये, म्हणजे व्यापारी जहाजांच्या ताफ्यात, खलाशांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचा. आपल्या नाक्यावरचा पासपोर्ट फोटोवाला काढतो तसेच. मला तर वाटतं, पुढे तो माणसांना ज्या कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभं करायचा, तिचं मूळ तिथेच आहे.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एमन कार्टर म्युझियमने १९७९ मध्ये त्याला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माणसांचे फोटो काढायचं काम दिलं. १९८४ पर्यंत तो हिंडला. खाणकामगार, कत्तलखान्यातले कामगार, वेट्रेस, रस्त्यावरचे भटके. १८९ गावं, फोटोसाठी ७५२ बैठका, फिल्मचे १७,००० ताव, एका तावावर एक फोटो. भागाकार कर, बैठकीमागे बावीस-तेवीस ताव येतात. १९८५ च्या प्रदर्शनात त्यातले लागले सव्वाशेच्या आसपास. तू मला एका दुपारचे ३४० पाठवलेस!

आता कॅमेरा. त्याचा डिअरडॉर्फ, आठ बाय दहा इंचाचा. म्हणजे तुझ्या फुलफ्रेम डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या साठपट क्षेत्रफळाची निगेटिव्ह. म्हणूनच माणूस पुरुषभर उंच छापला तरी पापणीचा केस न् केस दिसतो. पण माझ्या मते खरी गंमत गैरसोयीत आहे. आधी काळ्या फडक्याखाली शिरून काचेवर उलटं चित्र बघायचं, फोकस लावायचा, आणि मग फिल्मचा होल्डर सरकवला की काच बंद. लेन्समधून काहीच दिसत नाही. फोकसची पट्टी इतकी अरुंद की डोळे धारदार असताना कान मऊ पडतात, म्हणून माणसाने तसूभरही हलून चालत नाही. मग फोटोग्राफरने करायचं काय? अ‍ॅव्हेडन लेन्सच्या डावीकडे काही इंचांवर उभा राहायचा, माणसापासून साधारण चार फुटांवर, मध्ये काहीही न धरता. भिंतीला नऊ फुटी पांढरा कागद, तोही सावलीत, म्हणजे ऊन-सावलीचं नाटक नको. उरतात फक्त दोन माणसं एकमेकांकडे बघणारी.

हे तुला आजच्या कॅमेऱ्यानेही जमेल. ट्रायपॉड लाव, फोकस ठरव, शटर दाबायची केबल हातात घे आणि बाजूला हो.

आणखी एक, जे मला स्वतःला अजून टोचतं. त्या पुस्तकात उघड्या अंगाचा एक मधमाशीपालक आहे, छातीवर, डोक्यावर माश्याच माश्या. तो वाटेत भेटलेला नाही. मधमाशीपालकांच्या मासिकात जाहिरात देऊन शोधला होता, आणि माश्या बसाव्यात म्हणून अंगाला राणीमाशीचा वास लावला होता. त्या कामावर टीका झाली ती याच अंगाने: शहरी फॅशनवाल्याने पश्चिमेला हवं तसं उदास करून घेतलं. टीका पूर्ण खोटी नाही. पण त्याने वडिलांनाही सोडलं नव्हतं. मरणाकडे चाललेल्या बापाचे फोटो १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लावले. जी नजर परक्यांवर, तीच घरच्यांवर. तू फडावरच्या बायकांचे कोयते हातात देऊन फोटो काढतेस. तुझ्या आईचा काढलायस का कधी तसा रोखून?

तोडणी संपायच्या आत परत जा. पांढऱ्या कागदाचा नऊ फुटी रोल घेऊन जा, जाड चिकटपट्टी विसरू नकोस, वारा असतो. आणि मागच्या खेपेच्या प्रिंट आधी त्या बायकांच्या हातात दे, मग नवीन काढ.

माझा जुना प्लेट कॅमेरा माळ्यावर आहे, तो ने. लेन्समागच्या घडीच्या भात्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक भोक पडलंय, काळी टेप लावून घे.

तुझा,
सर