अमेरिकेत मानवशास्त्रात एमए करण्यासाठी 40 लाखांचं कर्ज काढावं का?

तुम्ही लिहिलंय ते असं: मुलगी पुण्यातच बीए झाली, अमेरिकेत मानवशास्त्राच्या दोन वर्षांच्या एमएला तिला प्रवेश मिळालाय. सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट तारण घेऊन बँक 11 टक्क्यांनी 40 लाख द्यायला तयार आहे. तुमच्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत. आणि भाचा म्हणतो की अमेरिकन सरकारच्या साइटवर या पदवीची कमाई कर्जापेक्षा जास्त दिसते, मग घाबरायचं कशाला?

मी पुणे विद्यापीठातून मानवशास्त्रात एमए केलं आणि त्यावरच माझं घर चालतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलीने हा विषय जरूर करावा, पण या कर्जावर नाही.

भाच्याने पाहिलेली साइट बहुधा कॉलेज स्कोअरकार्ड असणार. तिथले आकडे खरे आहेत, फक्त ते तुमच्या मुलीला लागू नाहीत. ज्यांनी अमेरिकन केंद्र सरकारची शैक्षणिक मदत घेतली, त्यांचीच कमाई आणि त्यांचंच कर्ज त्यात मोजतात. आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना ती मदत मिळत नाही, म्हणजे ही मुलं त्या हिशेबात धरलेलीच नाहीत. शिवाय तिथल्या सरकारी कर्जाचा हप्ता पगाराच्या मानाने कमी करून घ्यायची सोय असते. आपली बँक तसं काही विचारत नाही, तारखेला खात्यातून पैसे वळते करते.

दुसरा आकडा लोक दाखवतात तो पगाराचा. अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांचा मधला वार्षिक पगार 2023 मध्ये 63,800 डॉलर होता. ऐकायला छान वाटतं. पण यातल्या बऱ्याच नोकऱ्या 1966 च्या एका कायद्यामुळे तयार झालेल्या आहेत. केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवानगीने रस्ता, धरण, पाइपलाइन होणार असेल तर तिथल्या ऐतिहासिक वारशाचं काय होईल हे आधी तपासावं लागतं, आणि त्यासाठी खासगी सल्लागार कंपन्या माणसं घेतात. काम मुख्यतः पुरातत्त्वीय पाहणीचं आणि उत्खननाचं. तुमच्या मुलीला नातेसंबंध आणि स्थलांतर यांवर काम करायचंय, ती त्या रांगेत बसत नाही. केंद्र सरकारी नोकरीला तर बहुतेक ठिकाणी नागरिकत्वच लागतं.

त्यात व्हिसा. शिक्षण संपल्यावर 12 महिने काम करता येतं. पुढचे 24 महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोर्सना मिळतात आणि सांस्कृतिक मानवशास्त्र त्या यादीत नाही. व्हिसासाठी विद्यापीठ आय-20 नावाचा कागद देतं, त्यावर कोर्सचा कोड छापलेला असतो, तो यादीशी एकदा ताडून पाहा. त्यानंतर एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी.

म्हणून हिशेब करायचा तो ती पुण्यात परत आली असं धरून. दर वर्षी 20 लाख उचलले, तर कोर्सची दोन वर्षं आणि हप्ते सुरू होण्याआधीचे वरचे सहा महिने मिळून सरळव्याजानेच 8 लाख 80 हजार चढतात. मुद्दल झालं 48 लाख 80 हजार. 15 वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार, 10 वर्षांची घेतली तर 67 हजार. आता याच्या शेजारी हे ठेवा: नेट-जेआरएफ ही सरकारी संशोधनवृत्ती मिळवणाऱ्या संशोधकाला 2023 पासून महिना 37,000 आणि घरभाडे भत्ता मिळतो, आणि आमच्या क्षेत्रात ही चांगली रक्कम समजतात. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं तर तेवढेही नाहीत. सामाजिक संस्थेत सुरुवातीला तीस-चाळीस हजार मिळाले तरी पोरं खूश असतात. मग हप्ता कोण भरणार? सहकर्जदार म्हणून तुमची सही आहे, तारण तुमचा फ्लॅट आहे, आणि हप्ते सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष होतंय तोवर तुमची निवृत्ती येते, बाकीचे हप्ते पेन्शनमधून असं गणित दिसतंय. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट आठ वर्षं मिळते, तीही जुन्या कररचनेत, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

विषयाला इथे वाव नाही असं मात्र मुळीच नाही. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. जमात प्रमाणपत्र पडताळणीच्या कामात संशोधन अधिकारी लागतात. पेरूगेटच्या अभ्यासिकांमध्ये तर हा यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणूनच ओळखला जातो (त्याचा मला थोडा राग आहे). मी स्वतः कंपन्यांसाठी वापरकर्त्यांचा अभ्यास करतो. मागे मंचरजवळ एका कांदा उत्पादकाच्या ओसरीवर बसून तो पैशांचं अ‍ॅप कसं वापरतो ते पाहत होतो. फोन त्याचा, खातं त्याचं, पण ओटीपी वाचायला नात हवी. ती शाळेतून येईपर्यंत व्यवहार अडलेला. ऑफिसातल्या तक्त्यात हा माणूस ‘अ‍ॅप अर्धवट सोडणारा’ म्हणून नोंदला होता. हे बघायला शिकवलं ते इथल्या एमएनेच, आणि त्या फीसाठी बँकेची पायरी चढायची वेळ आली नव्हती.

कुणी तुम्हाला मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं उदाहरण देईल. 1928 मध्ये त्या जर्मनीला गेल्या त्या उसन्या पैशांवरच, जीवराज मेहतांनी दिलेल्या. सासरे धोंडो केशव कर्व्यांचा विरोध होता. पण ते कर्ज ओळखीच्या माणसाचं होतं, आणि त्या दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन आल्या, एमए नव्हे.

हाच खरा मुद्दा आहे. अमेरिकेत या विषयाच्या पीएचडीला बऱ्याच विद्यापीठांत फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. स्वखर्चाने करायची वेळ येते ती प्रामुख्याने एमएला. तिने एमए इथे करावं, एखादं चांगलं फील्डवर्क पदरात पाडावं आणि मग पीएचडीला अर्ज करावा. एमएच बाहेर करायचं असेल तर जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, राहण्या-जेवणाचा खर्च तेवढा दाखवावा लागतो. परदेशी शिक्षणासाठीच्या चेव्हनिंग, फेलिक्स, इनलॅक्स या शिष्यवृत्त्यांच्या अटी बघून घ्या. जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, तेही बघा.

आत्ताच्या प्रवेशाचं डिपॉझिट भरण्याआधी मुलीने विभागाला दोन गोष्टी विचाराव्यात: एमएच्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप (विभागातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) आणि फीमाफी मिळते का, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का. ईमेल तिनेच करावा, तुम्ही नको. अर्ध्याहून जास्त फी माफ होत असेल तर मी माझं मत बदलेन. उत्तर आलं की आकडे इथे टाका, हप्ता पुन्हा मांडून देतो.