ऑपरेशनच्या आधी टीव्हीवर कॅन्सरचं ऑपरेशन बघावं का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आहे, टीव्हीवर ऑपरेशनचे कार्यक्रम लागले की बघावेसे वाटतात पण घरचे रिमोट काढून घेतात, तर बघू की नको. मी बघितले, आधी पण आणि नंतर पण. आधी बघितले याचा पश्चात्ताप नाही, फक्त बरंचसं भलतंच बघितलं.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे बीबीसी टूवर 2018 मध्ये ‘सर्जन्स: ॲट द एज ऑफ लाइफ’ सुरू झालं, आधी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधलं, नंतर केंब्रिजमधलं. त्यात घेतात अवघडातली अवघड केस, रक्तवाहिनीला चिकटलेला ट्यूमर वगैरे, तासन् तास चाललेलं ऑपरेशन, आणि ते बरोबरच आहे म्हणा, माझ्यासारखीची दोन सेंटिमीटरची गाठ काढताना कोण बघत बसणार. पण रात्री सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलं की हे डोक्यात येत नाही, तिथे झोपलेली बाई म्हणजे आपणच असं वाटायला लागतं. नवरा म्हणाला बंद कर, मी म्हटलं थांब, ती उठते का ते तरी बघू दे.

ही भांडणं काही आपल्याच घरातली नाहीत. 1958 मध्ये बीबीसीने ऑपरेशन दाखवणारं ‘युअर लाइफ इन देअर हँड्स’ सुरू केलं तेव्हा डॉक्टरांच्याच जर्नलने ओरड केली होती की पेशंट घाबरतील.

माझी खरी फजिती झाली ती इतिहासाच्या एका डॉक्युमेंटरीने. त्यात हॅल्स्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनचं जुनं ऑपरेशन होतं, स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) सगळं काढायचे ते. मी अर्ध्यातच बंद केलं आणि दोन दिवस हात वर करून करून बघत होते. शेवटी नर्सला विचारलं माझे पण स्नायू काढणार का, तर तिने कागदावर चित्र काढून दाखवलं की एवढीच गाठ आणि भोवतीचा थोडा भाग. नंतर उरलेला भाग बघितला तर त्यातच होतं की बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जनच्या ट्रायलने 1985 मध्ये दाखवलं, फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात. म्हणजे बघायचंच तर पूर्ण बघा, आणि कुठल्या सालचं ऑपरेशन दाखवतायत ते आधी बघा.

फायदा पण झाला. ऑपरेशनच्या दिवशी चौथ्या माणसाने नाव, जन्मतारीख आणि कुठली बाजू विचारली तेव्हा मी चिडले नाही, टीव्हीवर बघितलं होतं की तसंच विचारतात. डाव्या बाजूला मार्करने बाण काढला तेव्हा उलट बरं वाटलं.

पण टीव्हीवर टाके घातले, सर्जनने ग्लोव्हज काढले की संपतं. आपलं तिथून सुरू होतं. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते आणि मार्जिन क्लिअर आहे का, म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्यात का, ते नंतर कळतं. मी दोन आठवडे फोन उशाशी घेऊन झोपले आणि रिपोर्ट आला की एका बाजूचं मार्जिन क्लिअर नाही, परत जावं लागेल. हे बऱ्याच जणींना होतं म्हणे, पण माझ्या डोक्यात टीव्हीमुळे ‘ऑपरेशन सक्सेसफुल’ एवढंच होतं, त्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जास्त रडले. तुम्ही आधीच विचारून ठेवा, रिपोर्ट किती दिवसांनी आणि परत जावं लागायची शक्यता किती.

आणि हो, काखेतली लसिकाग्रंथी शोधायला निळी डाय टोचणार असतील तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते. हे कुठल्याच कार्यक्रमात दाखवलं नव्हतं, मी बाथरूममधून नवऱ्याला अशी हाक मारली की तो चप्पल न घालता धावत आला.