पहिली परीक्षा कोणती द्यावी

तुम्ही बेळगावात पदवी घेऊन नेटवर्किंगच्या कामात उतरू पाहत असाल, तर माझ्या मते सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए ही एकच पायाभूत परीक्षा सुरुवातीला पुरेशी आहे. तिला आधीच्या कोणत्याही प्रमाणपत्राची अट नाही, आणि प्रमाणपत्र ३ वर्षे वैध राहते.

खरा वेळ मात्र सबनेटिंगला, म्हणजे मोठ्या जाळ्याचे (नेटवर्कचे) आयपी पत्ते लहान गटांत विभागण्याला, द्या. /२६ (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ जाळ्याचे) म्हणजे ६४ पत्ते आणि त्यांपैकी यंत्रांना देता येण्याजोगे ६२, हा हिशेब कागदाविना जमेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण राउटिंग (माहितीचा मार्ग ठरवणे) आणि अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणती माहिती जाऊ द्यायची याचे नियम) समजून घेताना तोच पदोपदी लागतो. महागडे राउटर विकत घेण्याची गरज नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच जाळ्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यात जाळे उभारावे, मुद्दाम बिघडवावे आणि दोष स्वतः शोधावा. फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांपासून कृपया दूर राहा, कारण त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि मुलाखतीत तर निभाव लागतच नाही.

खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांतून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते; तांत्रिक इंग्रजी रोजच्या वाचनाने सवयीचे होते. कन्नडकडेही दुर्लक्ष करू नका, कारण हुबळी-बंगळूरच्या सपोर्टच्या नोकरीत ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलता येणे फार उपयोगी पडते.