'फॅरनहाइट ४५१' वर्गात नेताना

प्रिय मित्रा,

नववी-दहावीला 'फॅरनहाइट ४५१' शिकवणार आहेस, तर पहिल्याच तासाला फळ्यावर 'सेन्सॉरशिप' लिहू नकोस. ते एकदा लिहिलं की मुलं कादंबरी वाचायची सोडून उत्तर शोधतात: सरकार वाईट, पुस्तकं चांगली, संपलं. रे ब्रॅडबरी यांनी १९५३ साली लिहिलेली, पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांची ही गोष्ट त्याहून अडचणीची आहे.

प्रस्तावना न देता पहिली दोन-तीन पानं मोठ्याने वाच. बंबवाले पाण्याऐवजी रॉकेल का मारतात, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ दे. भाषा उपमांनी गच्च भरलेली आहे. कादंबरीचा नायक, बंबवाला माँटॅग, याच्या हातातल्या नळीला लेखकाने अजगर म्हटलंय, तिथे काहींना खरंच साप दिसतो. ती ओळ फळ्यावर घेऊन सोडव, मगच पुढे सरक. (कागद नेमका ४५१ अंशांना पेटतो का, हे विज्ञानाच्या सरांकडे सोपव. कागदाप्रमाणे तो आकडा बदलतो.)

कादंबरीत तीन भाग आहेत, पण प्रकरणं नाहीत, त्यामुळे थांबे तुलाच ठरवावे लागतील. पहिला भाग सर्वांत लांब. शेजारची मुलगी क्लॅरिस हिची भेट, पुस्तकांसोबत स्वतःला जाळून घेणारी म्हातारी आणि माँटॅगचा वरिष्ठ बीटी याचं घरी येणं, असे तीन तुकडे कर. माँटॅगची बायको मिल्ड्रेड हिच्या झोपेच्या गोळ्यांचा प्रसंग अगदी सुरुवातीला येतो, त्याची वर्गाला आधी कल्पना दे. कुणाला तो झेपणार नसेल तर त्याने तुझ्याशी एकट्याने बोलावं, असंही सांगून ठेव.

खरा वेळ द्यायचा तो बीटीच्या भाषणाला. दोन तास तरी ठेव. बंदी वरून आली नाही, म्हणतो तो. लोकांनाच सगळं आखूड, झटपट हवं होतं, प्रत्येक गटाला काही ना काही खुपत होतं, जाळपोळ नंतर आली. इथे वर्ग हमखास घसरतो. निम्मे त्याला नुसता खलनायक ठरवून मोकळे होतात, उरलेले त्याचं बोलणं लेखकाचंच मत समजतात. म्हणून दोन रंगांच्या पेन्सिली दे: पटतं तिथे एक, चलाखी दिसते तिथे दुसरी. मग दुसऱ्या भागातला निवृत्त प्राध्यापक फेबर शेजारी ठेव. दर्जेदार माहिती, ती पचवायला सवड आणि त्यावरून कृती करायचा हक्क, या त्याच्या तीन अटींनी बीटीचं कुठलं वाक्य पडतं, ते शोधू दे.

पुस्तक संपल्यावरच त्याच पुस्तकाची कहाणी काढ. १९६७ मध्ये बॅलंटाइन प्रकाशनाने शाळांसाठी आवृत्ती काढली आणि शिव्या, गर्भपाताचा उल्लेख असं बरंच गुपचूप बदललं. दारुडा माणूस 'आजारी' झाला. १९७३ ते १९७९ बाजारात हीच कापलेली प्रत होती. लेखकाला पत्ताही नव्हता. आदेश कुठल्या सरकारचा नव्हता.

परीक्षेला व्यक्तिरेखा लिहायला लावू नकोस. त्या शालेय आवृत्तीच्या संपादकाच्या खुर्चीत बसून एक पान लिहायला सांग: पुस्तक शाळांना विकायचंय, पालक तक्रार करतील, काय कापाल आणि का? वह्या गोळा झाल्या की बीटीचं भाषण पुन्हा वाचायला घे.

कळावे.