मशीन काढून खेळायचं?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर. हँडबॉल जीव तोडून खेळतो. आता कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड शिबिराला जाणार आहे. तिथे कानातलं मशीन काढूनच खेळावं लागतं म्हणे. तो चार वर्षांचा असल्यापासून मी ते कधी कानावेगळं होऊ दिलं नाही. मैदानात तो बावरेल. शिवाय त्याचे मामा विचारतात, पॅरालिम्पिकला का नाही पाठवत?
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. सामन्यात मशीन चालत नाही. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, असेल तर त्याचाही बाहेरचा भाग काढावा लागतो. कुणाचं मशीन लाखाचं, कुणाकडे मशीनच नाही. सगळ्यांनी काढलं की सगळे सारखे. मला हा नियम मनापासून पटतो. पात्रतेसाठी दोन्हींपैकी जास्त ऐकू येणाऱ्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते, म्हणून शिबिराआधी ताजा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढून घ्या.

मामांना सांगा, कर्णबधिरांची स्पर्धा वेगळी असते, डेफलिम्पिक्स. ती १९२४ साली पॅरिसला सुरू झाली, पॅरालिम्पिकच्या ३६ वर्षं आधी. हँडबॉल तिथे १९६९च्या बेलग्रेडच्या स्पर्धेपासून आहे.

आता तुमची खरी भीती. मी पुण्यातल्या कर्णबधिर मुलांना बावीस वर्षं हँडबॉल शिकवला. या खेळात पंच मुळातच हातांनी बोलतो. दोन बोटं वर केली की दोन मिनिटं बाहेर. हात एकमेकांभोवती गोल फिरवले की चेंडू घेऊन टाकलेली पावलं जास्त झाली. हात वर धरून ठेवला की तुम्ही वेळ काढताय, आता गोलवर मारा. टाइमआउट हवा तर कोच टेबलावर हिरवं कार्ड ठेवतो. शिट्टीच्या जोडीला झेंडा दाखवला की मुलांचं भागतं.

खरी पंचाईत बचावात होते. गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेवर समोरच्या संघाचा पिव्होट, म्हणजे आपल्या बचावफळीत घुसून उभा राहणारा खेळाडू, आपल्या पाठीमागे सरकतो. ऐकणारी मुलं ओरडून एकमेकांना सावध करतात. आपल्या मुलांना मान वळवावी लागते आणि तेवढ्यात चेंडू जातो. एकदा सरावात मी एका मुलाकडे बघत राहिले. नजर चेंडूवर, उजवा हात पुढे, डावा कोपरात वाकवून मागे, पंजा पिव्होटच्या कमरेला जेमतेम टेकलेला. वाकवलेल्या हाताचा असा स्पर्श नियमात बसतो. पिव्होट सरकला, तशी त्याने शेजारच्याच्या कोपरावर दोनदा टिचकी मारली : तुझ्याकडे आला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं! पुढे मात्र प्रत्येक तुकडीला शिकवलं.

तेव्हा उद्यापासूनच सरावाला मशीन काढायला लावा. पहिले आठ-दहा दिवस तो चिडेल, चुकेल, चुकू द्या. नजर फिरवायची सवय शिबिरात लागत नाही, घरून न्यावी लागते. आणि मशीनसाठी घट्ट झाकणाची डबी घ्या, नाव लिहून ती एकाच माणसाच्या हाती द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने ते रुमालात गुंडाळून बाकाखाली ठेवलं होतं. सामना संपला तेव्हा रुमालही नव्हता. त्याच्या वडिलांनी ते हप्त्यांवर घेतलेलं. त्या संध्याकाळी त्यांना फोन करताना माझा हात थरथरत होता.

तुम्ही सरावाला जात जा. त्याने गोल केला की टाळ्या नका वाजवू, दोन्ही हात उंच करून पंजे हलवा. गोल झाल्यावर तो आधी तुमच्याकडेच बघेल.