चार्जिंगची बॅटरी की सेल? पावसाळ्याआधीच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: श्रीवर्धनजवळच्या घरी आई-वडील दोघेच असतात. वादळासाठी म्हणून आणून ठेवलेल्या चार्जिंगच्या तीन बॅटऱ्या मे महिन्यात काढून पाहिल्या, तर तिन्ही बंद. आता नवीन काय घ्यावं?

आपल्याकडे अख्ख्या टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेललाही, आणि दुकानात निम्मा घोळ तिथेच होतो. म्हणून इथे टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरतो.

त्या तिन्ही एकदम का गेल्या? मागची पिन थेट सॉकेटमध्ये खुपसायच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ४ व्होल्टची, लेड-ॲसिड (शिसं आणि आम्ल) प्रकारच्या छोट्या सेलची जोडी असते. ती न वापरताही हळूहळू उतरते. उतरलेली तशीच कपाटात राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो. मग चार्जिंगचा लाल दिवा लागतो, पण सेल चार्ज काही धरत नाहीत. दर दोन महिन्यांनी आठवणीने चार्ज करणाऱ्यांच्या घरी या टॉर्च बरी साथ देतात. पण आपत्तीसाठी ठेवलेली वस्तू आपण विसरणार, हे गृहीत धरूनच ती निवडावी. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती. एकदा संपलेली चार्जिंगची टॉर्च तेव्हा लावणार कुठे?

म्हणून हिशेब १५ रात्रींचा करा, रोज ४ तास, म्हणजे ६० तास.

माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या सगळ्या टॉर्च एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या घ्या, आणि ते माप म्हणजे एए, आपला पेन्सिल सेल. तो गावातल्या किराणा दुकानातही मिळतो आणि वेळ पडली तर भिंतीवरच्या घड्याळातून काढता येतो. मोठे डी सेल जास्त तास चालतात हे खरं, पण चांगल्या प्रतीचे लहान गावात सहसा मिळत नाहीत.

पेन्सिल सेलमध्येही जाती आहेत. सेलवर बारीक अक्षरात आर६ छापलेलं असेल तर तो साधा झिंक-कार्बन, एलआर६ म्हणजे अल्कलाइन, एचआर६ म्हणजे चार्जिंगचा निकेल मेटल हायड्राइड आणि एफआर६ म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम. ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांना भुलू नका. ते सहसा झिंक-कार्बनवरच छापलेले असतात. झिंक-कार्बन घड्याळाला आणि रिमोटला ठीक. टॉर्चमध्ये तो लवकर मंदावतो. त्याचं जस्ताचं कवचच वीज तयार करताना झिजत जातं, त्यामुळे संपलेला सेल आत राहिला की गळतो.

साठ्यासाठी अल्कलाइन घ्या. पाकिटावरची तारीख साधारण ५ ते १० वर्षं पुढची असते. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये कमी भारावर, म्हणजे वीज हळूहळू खेचली तर, सुमारे २५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेल किती वीज देतो त्याचं माप) मिळतात. दोन सेलची टॉर्च ३० ल्यूमेनवर ठेवली (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप; ३० खोलीला पुरे, उजेड छताकडे केला की जेवणही वाढता येतं) तर साधारण १३० मिलिअँपिअर खेचते, म्हणजे एका जोडीत १८-१९ तास. ६० तासांना चार जोड्या, म्हणजे एका टॉर्चमागे ८ सेल. तीच टॉर्च २०० ल्यूमेनवर चालवली तर भार १ अँपिअरच्या (१००० मिलिअँपिअर) आसपास जातो, आणि तिथे अल्कलाइन निम्मी क्षमतासुद्धा देत नाही. टॉर्च घेताना कमाल उजेडाचा आकडा पाहण्यापेक्षा तिला मंद मोड आहे का, हे आधी बघा.

रोजच्या वापराला, गोठ्यात किंवा विहिरीकडे जायला, निकेल मेटल हायड्राइड. पण त्यातला ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ (आपोआप कमी उतरणारा) किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेला, सुमारे २००० एमएएचचा. तो वर्षभर ठेवला तरी बराच भरलेला राहतो. साधा जास्त एमएएचचा सेल काही महिन्यांत आपोआप रिकामा होतो, आणि एए मापावर ३००० च्या पुढचा आकडा छापलेला दिसला तर सरळ परत ठेवा. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्र भरणारा आणि यूएसबीवर चालणारा हवा. १०,००० एमएएचच्या भरलेल्या पॉवर बँकेतून चार सेल एकदा भरतात, वर मोबाईलपुरतं थोडं उरतं.

१८६५० हा जाडसर लिथियम-आयन सेल जोरदार आहे: एका सेलमध्ये साधारण चार पेन्सिल सेलइतकी ऊर्जा असते. झाडं पडलेल्या वाटेवर दूरवर बघायला अशी एक टॉर्च जरूर असावी, पण सगळं घर तिच्यावर सोपवू नका. गावात तो सेल मिळत नाही आणि बनावट माल फार. खरा सेल साधारण २६०० ते ३५०० एमएएचचा असतो. ९९०० छापलेला खोटाच. ‘प्रोटेक्शन’ (आतलं संरक्षक सर्किट) असलेला घ्या आणि अर्धा-पाऊण भरून ठेवा. त्याचाच धाकटा भाऊ १४५०० हुबेहूब पेन्सिल सेलसारखा दिसतो, पण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तो एएच्या टॉर्चमध्ये गेला तर टॉर्च जळू शकते. वडीलधाऱ्यांच्या घरात तो आणूच नये.

सध्या यूएसबीवर भरणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात. ते शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि मग पटकन विझतात. अल्कलाइन निदान मंदावत जाऊन सूचना देतो.

आता ठेवायचं कसं, कारण खरं नुकसान इथेच होतं. साठ्याचे सेल टॉर्चच्या आत ठेवू नका. मूळ पाकिटात, झाकणाच्या डब्यात, टॉर्चला रबरबँडने बांधून ठेवा. पत्र्याखालचा माळा टाळा, उन्हाळ्यात तिथली उष्णता सेलचं आयुष्य खाते. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. रोजच्या टॉर्चला इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर ती बंद असतानाही किंचित वीज खेचते. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा.

जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, हे सगळ्यांना माहीत असतं पण पाळत कोणी नाही. दमलेला सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्यातून उलट दिशेने वीज ढकलतो आणि तो गळतो. जोडीवर मार्करने महिना लिहा, जोडी फोडू नका.

अल्कलाइन गळला की स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसते. ती क्षारयुक्त असते, हाताला लागू देऊ नका. हातमोजे घालून कापसाच्या काडीने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, फेस थांबला की ओल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग हिरवट दिसली तर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

तुमच्या घरासाठी: मंद मोडच्या दोन एए टॉर्च, अल्कलाइनचे २० सेल (१६ हिशेबाचे, ४ वरचे), चार्जिंगचे ८, एक चार्जर, एक पॉवर बँक. हवी तर १८६५० ची एक. दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात चार्जिंगचे सेल भरा आणि साठ्यातल्या तारखा पाहा. मुदत जवळ आलेले सेल घड्याळात आणि रिमोटमध्ये संपवा, तितकेच नवे आणा. पुराच्या पाण्यात बुडालेला लिथियम-आयन सेल मात्र वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नका. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.