लोकलमध्ये उभं राहणं व्यायामात धरायचं का?

मागच्या अंकात गुडघ्यांवर लिहिताना शेवटी मी सहज एक वाक्य टाकलं की व्यायामाचा फायदा गुडघ्यांइतकाच डोक्यालाही होतो, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की गुडघे बाजूलाच राहिले. एकाने तर विचारलंय, मॅडम आता मेंदूला पण डंबेल्स उचलायला लावायचेत का. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत, उरलेल्यांतले काही खाली.

प्रश्न: ताई, वय ४३, डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला येते. पहाटे पाचला उठून डबे, मग फास्ट लोकल, जाताना बसायला मिळणं म्हणजे लॉटरीच, संध्याकाळी परत तेच. आता डॉक्टर म्हणतात बीपी बॉर्डरला आहे, व्यायाम सुरू करा. एवढी धावपळ रोज होते तो व्यायाम नाही का? आणि हल्ली विसरायला फार होतं, गॅसवर दूध ठेवलंय हे वास आल्यावर कळतं.

उत्तर: हा प्रश्न अर्ध्या मुंबईचा आहे. राग मानू नका, पण तुमची दमणूक होते, व्यायाम होत नाही. तास-सव्वा तास कडी धरून उभं राहिलं की पाय भरून येतात, कंबर धरते, मान आखडते, हे सगळं खरं, पण त्यात मांड्यांचे-पोटऱ्यांचे मोठे स्नायू हलत नाहीत, श्वास वाढत नाही, आणि हृदयाचे ठोके वाढलेच तर ते ठाण्याला चढणाऱ्या बायकांशी होणाऱ्या भांडणाने. हृदयाला आणि मेंदूला जे हवं असतं ते म्हणजे रोज थोडा वेळ रक्त जोरात फिरणं.

यावर एक जुना आणि मला फार आवडणारा अभ्यास आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघं एकाच बसवर, एकाच गावात, पगारातही फार फरक नाही, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली, रोजच्या साधारण ५०० ते ७५० पायऱ्या. हृदयविकार कंडक्टर लोकांमध्ये बराच कमी निघाला. कोणीतरी शंका काढलीच की ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, तर मॉरिसनी युनिफॉर्मच्या पँटचे कमरेचे माप काढून तपासलं, ड्रायव्हरांची कंबर मोठी होती हे खरं निघालं, पण बारीक ड्रायव्हरपेक्षाही बारीक कंडक्टर बरा होताच. (आपल्या बेस्टच्या डबल डेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, त्यामुळे हा अभ्यास इथे केला असता तर फसलाच असता. आता त्या जुन्या डिझेलच्या गाड्याही २०२३ मध्ये बंद झाल्या.)

तेव्हा तुमच्या दिवसात व्यायाम आहेच, फक्त तो लोकलच्या आत नाही, बाहेर आहे. स्टेशनचा पूल, ऑफिसचा जिना आणि सीएसएमटीपासून फोर्टपर्यंतचं चालणं. ते शेअर टॅक्सीने करत असाल तर आजपासून बंद करा. चालताना वेग असा ठेवा की शेजारणीशी बोलता येईल पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागेल. डब्ल्यूएचओ म्हणतं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, २०२० च्या नव्या सूचनांमध्ये तीही काढून टाकली, तुकड्या-तुकड्याने केलेलं पण चालतं. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा, ट्रॅकसूट नको, पर्समध्ये चपला आणि पायात बूट एवढंच. हळूहळू वाढवलं आणि टिकवलं तर बॉर्डरचं बीपी खाली यायला नक्की मदत होते, मात्र गोळी चालू असेल तर आपल्या मनाने सोडायची नाही.

विसरण्याचं म्हणाल तर सगळं व्यायामावर ढकलू नका. पाचला उठून रात्री झोपायला बारा वाजत असतील तर कोणाचंही दूध उतू जाईल. एकदा हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या काळातही असं होतं. घरातले सगळे डबे तुम्हीच का भरता हे पण विचारणार होते, पण सदर व्यायामाचं आहे.

प्रश्न: वय ७१, दादर. रोज सकाळी शिवाजी पार्कला मित्रांबरोबर तीन चकरा मारतो, पेपरातलं शब्दकोडं एक दिवस चुकवत नाही. मोठ्या भावाला डिमेन्शिया झालाय, त्यामुळे मनात धाकधूक असते. मुलगी म्हणते तुमच्या चालण्याला काही अर्थ नाही, जिम लावा. या वयात जिम?

उत्तर: काका, भावाचं वाचून वाईट वाटलं. धाकधूक समजू शकते, पण भावाला झालं म्हणजे तुम्हाला होणारच असं नसतं.

आधी मेंदूचं सांगते. आपल्या कानाच्या साधारण आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो, नवीन गोष्ट लक्षात राहायचं काम मुख्यतः त्याचं. म्हातारपणी तो दरवर्षी थोडा थोडा आकसतो. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांना घेऊन एक प्रयोग झाला, २०११ साली छापून आला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालायला लावलं, निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. वर्षाने एमआरआय काढले तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढलेला आणि स्ट्रेचिंगवाल्यांचा दीड टक्क्याच्या आसपास घटलेला. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात एवढा ठळक फरक दिसलेला नाही हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उद्या मित्रांना सांगाल की मेंदू वाढतो आणि माझं नाव पुढे कराल. पण दिशा बऱ्याच ठिकाणी तीच दिसते, आणि त्यामागची कारणंही माहीत आहेत. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के आणि खर्च २० टक्के, त्यामुळे रक्तपुरवठा सुधारला की पहिला फायदा त्याला. शिवाय व्यायाम केला की बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते मेंदूतल्या पेशींना जगायला आणि एकमेकींशी नवीन जोडण्या करायला मदत करतं.

आता तुमच्या तीन चकरा. पार्काची एक चक्कर किलोमीटरच्या थोडी वरच, म्हणजे अंतर उत्तम. प्रश्न वेगाचा आहे. तुमचा ग्रुप मी बघितलाय, तुमचा नसेल तर तसाच दुसरा असेल, चार जण ओळीत चालतात, कोणीतरी निवडणुकीचा विषय काढतो, मग चौघंही थांबतात कारण हात न हलवता मुद्दा मांडता येत नाही, मागून येणारे वळसा घालून पुढे जातात, अर्धी चक्कर झाली की कट्टा, कट्ट्यावरून चहा. याला फिरणं म्हणूया. मुलगी जे म्हणतेय त्यात एवढं तथ्य आहे. पण ग्रुप सोडू नका हं, एकटेपणा हा सुद्धा डिमेन्शियाचा धोका वाढवतो. लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये असे १४ धोके सांगितले, बदलता येण्यासारखे, त्यात व्यायाम नसणं आहे, बीपी, शुगर, सिगरेट आहे, एकटेपणा आहे आणि ऐकू कमी येणंही आहे. तेव्हा दोन चकरा एकट्याने भरभर आणि तिसरी मित्रांबरोबर देशाचे प्रश्न सोडवत. आणि टीव्हीचा आवाज घरातल्यांना मोठा वाटत असेल तर कान तपासून घ्या.

जिमची फी भरायची गरज नाही, पण ताकदीचा व्यायाम मात्र हवा, त्याला वय नाही. खुर्चीवर बसा, हात छातीवर, हात न टेकवता उठा आणि बसा, सावकाश, दहा वेळा. सुरुवातीला सहाच जमले तर सहा. मग ओट्याला हलका हात लावून एका पायावर उभं राहायचं. पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस हवेत असं डब्ल्यूएचओच म्हणतं, कारण बाथरूममध्ये एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की पार्क, मित्र आणि चहा सगळंच सुटतं. शब्दकोडं जरूर सोडवा, त्याने शब्दकोडं उत्तम येतं. छातीत जड वाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं, चक्कर आली तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे, क्लास सुटला की खाली फुटबॉल. बोर्डाच्या वर्षी हा वेळ वाया जातो असं मला वाटतं, त्याचे बाबा म्हणतात जाऊ दे. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: बाबांच्या बाजूने. वीस-तीस मिनिटं घाम गाळून आल्यावर पुढचा काही वेळ मुलांचं लक्ष जास्त चांगलं लागतं, आणि रात्री झोपही शांत लागते, दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. या वयाला रोज सरासरी एक तास हालचाल हवी असते. खेळून आला की अंघोळ, खाणं आणि लगेच अवघड विषय, गणित वगैरे, तेव्हाच बसवा. मोबाइल मात्र त्या तासात तुमच्याकडे, खरा वेळ तिथे जातोय.

प्रश्न: ऐरोलीला आयटीत आहे, वय २८, बऱ्याचदा नाइट शिफ्ट. गेले काही महिने कशातच मन लागत नाही. घड्याळात दहा हजार स्टेप्स कधीच पूर्ण होत नाहीत, ते बघून अजूनच बेकार वाटतं. व्यायामाने मूड सुधारतो हे खरं की रील्सवाल्यांचं काहीतरी?

उत्तर: आधी ते दहा हजार डोक्यातून काढ. तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा मोठा अभ्यास आला त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तू काही बहात्तर वर्षांची बाई नाहीस, पण मुद्दा कळला असेल, शून्यातून थोडं करण्यात सगळ्यात जास्त कमाई आहे. घड्याळाचं ते नोटिफिकेशन सरळ बंद कर.

मूडचं खरं आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतच पन्नाशीच्या पुढच्या, डिप्रेशन असलेल्या १५६ जणांवर प्रयोग झाला, काहींना गोळी, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांना साधारण सारखाच फरक पडला होता, गोळीचा परिणाम मात्र लवकर दिसला. म्हणून चालू गोळी सोडून पळायला लागायचं असा अर्थ काढू नकोस. पंचाईत अशी की ज्याला मन लागत नाही त्यालाच आपण सांगतो ऊठ आणि व्यायाम कर, अंथरुणातून उठणं हेच अवघड असताना. म्हणून सुरुवात हास्यास्पद वाटेल एवढी छोटी ठेव, शिफ्ट संपवून घरी झोपायच्या आधी उजेडात खाली उतरायचं, सोसायटीला एक फेरी मारून वर यायचं, बस. जमलं तर मित्राला बरोबर घे. आणि काही महिने असं चाललंय म्हणतोस तर डॉक्टरांना भेटच. कोणाला सांगावंसं वाटत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, फुकट आहे. जगणंच नकोसं वाटायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करायचा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बोलवायचं.

प्रश्न: शुगर आहे, सासूबाई म्हणतात जेवल्यावर शतपावली करा. खरंच उपयोग आहे का?

उत्तर: सासूबाई बरोबर आहेत, फक्त शंभर पावलं कमी पडतात, दहा-पंधरा मिनिटं करा. स्नायू काम करत असतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि जेवणानंतरच ती वर चढत असते, म्हणून वेळ अचूक आहे. रात्रीच्या जेवणानंतर तर नक्कीच, कारण नंतर आपण थेट आडवे होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा, हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात टाका. तळव्यांना बधिरपणा असेल तर स्लीपर घालून नाही, बूट घालूनच.

प्रश्न: पावसाळ्यात चालायचं कुठे? आणि हिवाळ्यात हवा इतकी खराब असते, तेव्हा चालणं बरं की घरात बसणं? (हा प्रश्न बऱ्याच जणांचा, मालाडपासून चेंबूरपर्यंत)

उत्तर: पावसात बिल्डिंगचा जिना. दोन मजले चढायचे, सावकाश उतरायचं, पुन्हा चढायचे, दहा मिनिटांत कळेल. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना लिफ्ट घ्या, गुडघ्याला त्रास जास्त उतरतानाच होतो. चाळीत असाल तर लांब गॅलरी आहेच, फक्त तिथल्या बादल्या आधी बाजूला करा. सूर्यनमस्काराला एक चटई पुरते, सहा-सात भरभर घातले की दमही लागतो आणि ताकदही होते, मात्र बीपी जास्त असेल किंवा कंबरेचा त्रास असेल तर आधी कोणाला तरी दाखवून घ्या.

हिवाळ्यात पहाटेची हवा छान असते हा समज मुंबईत तरी सोडून द्या, थंडीत धूर आणि धूळ खालीच साचून राहते आणि पहाटे तर जास्तच. ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी निघा, मेन रोड आणि बांधकामं टाळून आतल्या गल्ल्यांमधून. मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघायची सवय लावा, खूपच खराब असेल त्या दिवशी घरात. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवूनच बाहेर पडायचं.

पुढच्या अंकात झोपेवर. प्रश्न पाठवताना वय आणि चालू असलेली औषधं लिहा बरं का, या वेळी एका पत्रात नुसतंच "दुखतं, उपाय सांगा" एवढं लिहिलंय, कुठे दुखतं ते कळवलंत तर नक्की सांगेन.